‘पिऊन होता’ हे कागदावर कसं येतं? दारू, गाडी आणि कलमांचा इतिहास

2022 च्या पावसाळ्यात आर्णी रोडवर आमच्या गावातल्या एका काकांचा मुलगा गेला. मोटरसायकलवर होता, समोरून आलेल्या गाडीनं उडवला. तीन-चार महिन्यांनी काका एफआयआरची झेरॉक्स घेऊन घरी आले. म्हणाले, “तू त एवढा शिकून रायला, सांग बरं. तो ड्रायव्हर पिऊन होता हे साऱ्या गावाले मालूम हाय. मंग कागदावर काऊन नाही?”

कागदावर भारतीय दंड संहितेची 279 आणि 304अ ही कलमं होती. दारूबद्दल अक्षर नव्हतं. मी रसायनशास्त्राचा विद्यार्थी, वकील नाही. “बघतो काका,” एवढंच म्हणालो. मग खरंच बघायला लागलो, आणि जुने निकाल वाचता वाचता लक्षात आलं की हा प्रश्न माझ्या विषयापासून फार लांबचा नाही.

तुमच्यापैकी बरेच जण सध्या पेटची तयारी करत असाल, कुणी सिनॉप्सिस लिहीत असाल. गाईड तुम्हाला एक प्रश्न हमखास विचारतील: “तुम्ही हे मोजणार कसं?” ‘पिलेला’ हा रोजच्या बोलण्यातला शब्द मोजता येईल असा करायला आपल्या राज्याला किती वर्षं आणि किती खटले लागले, त्याचा हा इतिहास आहे. मला त्यातून मिळालेली गोष्ट एकच: प्रत्येक कलम वेगळा प्रश्न विचारतं, आणि पुरावा त्याच प्रश्नाचा असावा लागतो.

आधी प्रश्न वेगळे करा

समजा, एक जण रात्री यवतमाळहून कळंबमार्गे वर्ध्याकडे निघालाय. पोटात दारू आहे. वर्धा नदीच्या अलीकडे त्याला पोलिसांनी अडवलं. गुन्हा कोणता? आपण सहज ‘ड्रंक अँड ड्राइव्ह’ म्हणून मोकळे होतो, पण कायद्याच्या कपाटात निदान चार खण आहेत.

पहिला खण दारूबंदी कायद्याचा. महाराष्ट्रात दारू प्यायला परवाना लागतो, हे आपण विसरूनच गेलोय. कलम 66(1)(ब) विचारतं: परवान्याशिवाय प्यायलास का? गाडीचा इथे काही संबंध नाही. याच कायद्याचं कलम 85 सार्वजनिक जागी नशेत गैरवर्तन करण्याबद्दल आहे, तिथेही गाडी लागत नाही.

दुसरा खण मोटार वाहन कायद्याचं कलम 185. ते विचारतं: गाडी चालवताना रक्तात ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त अल्कोहोल होतं का? अपघात झाला की नाही, हे ते विचारत नाही. शेजारचं कलम 184 धोकादायक रीतीनं चालवण्याबद्दल आहे, आणि तिथे दारू असलीच पाहिजे असं नाही.

तिसरा खण हयगयीचा. दंड संहितेची 279, 337, 338 आणि 304अ ही कलमं विचारतात: बेदरकारपणे किंवा निष्काळजीपणे चालवलं का, आणि त्यातून दुखापत किंवा मृत्यू झाला का? 304अ ला जास्तीत जास्त दोन वर्षांची शिक्षा होती.

चौथा खण सदोष मनुष्यवधाचा, म्हणजे कलम 304 चा दुसरा भाग. तो विचारतो: या कृत्यानं माणूस मरू शकतो हे तुला माहीत होतं का? शिक्षा दहा वर्षांपर्यंत.

1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता आली आणि नंबर बदलले. 279 चं 281 झालं, 337 आणि 338 हे 125 मध्ये गेले, 304अ च्या जागी 106(1) आलं आणि त्याची कमाल शिक्षा पाच वर्षं झाली, 304 चं 105 झालं. प्रश्न मात्र तेच राहिले. जुन्या नोंदी आणि नव्या नोंदी एकाच तक्त्यात बसवणार असाल तर ही तारीख भिंतीवर लिहून ठेवा.

आता हे खण भरले कसे ते बघू.

1951: जीप, टॉनिक आणि डॉक्टरांचं नाक

मुंबई राज्याचा दारूबंदी कायदा 1949 चा. 25 मे 1951 रोजी सर्वोच्च न्यायालयानं बलसारा खटल्यात तो बराचसा कायम ठेवला, पण अल्कोहोल असलेल्या औषधांवर आणि प्रसाधनांवर तशी बंदी घालता येणार नाही असं ठरवलं.

त्यानंतर चारच दिवसांनी, 29 मे च्या रात्री, कुलाब्याकडे निघालेल्या एका जीपनं तीन पादचाऱ्यांना धडक दिली. जीप चालवणारे पेसिकाका हे मुंबई विभागाचे रिजनल ट्रान्सपोर्ट ऑफिसर होते. म्हणजे गाड्यांचा कायदा ज्यांनी राबवायचा, तेच! आरोप दोन प्रकारचे: बेदरकारपणे चालवून दुखापत केली, आणि दारूबंदी कायदा मोडला.

डॉक्टरांनी दोनेक तासांनी तपासलं. तोंडाला दारूचा वास होता, डोळे लाल होते, पण बोलणं सुसंगत होतं आणि ते सरळ रेषेत चालू शकत होते. डॉक्टरांचं मत असं की अल्कोहोल कुठल्या तरी रूपात घेतलंय, पण अंमलाखाली दिसत नाहीत. आरोपीचं म्हणणं, मी बी. जी. फॉस हे टॉनिक घेतलं होतं.

मॅजिस्ट्रेटनी सगळ्याच आरोपांतून सोडलं. उच्च न्यायालयानं दारूबंदी कायद्याखाली एक महिना सक्तमजुरी आणि 500 रुपये दंड ठोठावला. 1954 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तीही शिक्षा रद्द केली. कारण समजून घ्या. औषधातलं अल्कोहोल गुन्हा नाही, तर पोटातलं अल्कोहोल औषधातलं नव्हतं हे सरकार पक्षानं सिद्ध करायला हवं. वास दोन्हींचा सारखाच येतो. नाक हे उपकरण त्या प्रश्नाला पुरत नव्हतं.

1959: आकडा येतो, आणि विदर्भातही येतो

विधिमंडळानं यावर 1959 च्या दुरुस्तीत उत्तर काढलं. रक्तात 0.05 टक्के किंवा जास्त अल्कोहोल आढळलं, तर ते औषधातून आलं हे आता आरोपीनं सिद्ध करायचं. सोबत कलम 129अ आलं: नोंदणीकृत डॉक्टरांकडून तपासणी, रक्ताचा नमुना, प्रयोगशाळेचा अहवाल. पुराव्याचं ओझं एका आकड्यावर फिरलं.

0.05 टक्के म्हणजे 100 मिली रक्तात 50 मिलिग्रॅम. हे रूपांतर पाठ करून ठेवा, कारण निकालांमध्ये कधी टक्के येतात, कधी मिलिग्रॅम, आणि घाईत दशांश चिन्ह सरकतं.

यवतमाळसाठी 1959 हे साल आणखी एका कारणानं महत्त्वाचं आहे. 1 नोव्हेंबर 1956 पर्यंत आपला जिल्हा मध्य प्रदेशात होता, त्याआधी मध्य प्रांत आणि वऱ्हाडात. तिथला दारूबंदी कायदा वेगळा, 1938 चा, आणि तो सगळीकडे एकदम नाही तर ठरावीक भागांत लागू झालेला. मुंबईचा कायदा विदर्भाला लागू झाला तो 1959 मध्ये. म्हणून ‘महाराष्ट्रात 1949 पासून दारूबंदी कायदा आहे’ असं वाक्य सिनॉप्सिसमध्ये टाकलंत, तर ते यवतमाळपुरतं चुकीचं ठरेल. आणि 1956 आधीचे सरकारी कागद शोधायचे असतील तर मुंबईच्या आधी नागपूरचा विचार करा.

1961: मुकटीजवळचं वळण आणि रक्ताची बाटली

आकडा आला म्हणजे भांडण मिटलं असं वाटेल. तसं झालं नाही. 3 एप्रिल 1961 च्या रात्री धुळे जिल्ह्यात मुकटी गावाजवळच्या वळणावर एक गाडी उलटली. एक जण गेला, काही जखमी झाले. त्याच रात्री डॉक्टरांनी चालकाचं रक्त काढलं. मुंबईच्या प्रयोगशाळेचा अहवाल आला, 0.069 टक्के. मर्यादेच्या वर.

पण नमुना काढल्यापासून मुंबईत पोचेपर्यंत जवळजवळ दोन आठवडे गेले होते. या काळात ती बाटली कुणाच्या ताब्यात होती, कशी ठेवली होती, याचा धड पुरावा कोर्टासमोर आलेला नव्हता. उखा कोल्हे विरुद्ध महाराष्ट्र राज्य हा खटला थेट घटनापीठापर्यंत गेला आणि 1963 मध्ये निकाल लागला. न्यायालयानं सांगितलं की 129अ हा पुराव्याचा एकमेव मार्ग नाही, दारू प्यायल्याचं इतर रीतीनंही सिद्ध करता येतं. आणि सगळा खटला पहिल्यापासून चालवण्याऐवजी जो पुरावा कमी पडलाय तेवढा घ्यावा.

इथे आपल्यातला विज्ञानाचा विद्यार्थी जागा व्हायला पाहिजे. एप्रिलच्या उन्हात दोन आठवडे ठेवलेल्या रक्तात काय होतं? बूच सैल असेल तर अल्कोहोल उडून जातं, आकडा कमी येतो. सोडियम फ्लोराइडसारखं परिरक्षक पुरेसं नसेल तर सूक्ष्मजीव साखर आंबवतात आणि बाटलीतच अल्कोहोल तयार होऊ शकतं, आकडा वाढतो. सुई टोचण्याआधी कातडी स्पिरिटच्या बोळ्यानं पुसली तर तिसरीच शंका. म्हणजे चूक दोन्ही बाजूंना जाऊ शकते. दोषी सुटू शकतो आणि निर्दोष अडकू शकतो. म्हणून सील, लेबल, वेळ आणि कुणी कुणाला दिलं याची नोंद ही कारकुनी नाही, तो मोजमापाचाच भाग आहे.

हा मुद्दा जुना झालाय असं समजू नका. 19 मे 2024 ला पुण्यात कल्याणीनगरमध्ये एका आलिशान गाडीनं दोन तरुण इंजिनिअरना चिरडलं. त्या प्रकरणात अल्पवयीन चालकाच्या रक्ताचा नमुनाच बदलल्याचा आरोप पोलिसांनी ठेवला आणि सरकारी रुग्णालयातल्या डॉक्टरांना अटक झाली. वाद 1961 मध्ये बाटलीचा होता, आताही बाटलीचाच.

‘नियंत्रण सुटेल इतका’ ते 30 मिलिग्रॅम

दारूबंदी कायद्यात आकडा आला तरी मोटार वाहन कायदा वेगळ्याच वाटेनं चालला होता. 1939 च्या कायद्यातलं कलम 117 विचारायचं: चालक वाहनावर योग्य ताबा ठेवू शकणार नाही इतका अंमलाखाली होता का? हे ठरवायचं लक्षणांवरून. पण लक्षणं किती भरवशाची? 1971 मध्ये बच्चूभाई करियाणी विरुद्ध महाराष्ट्र राज्य या अपघाताच्या खटल्यात डॉक्टरांनी वास, अडखळती चाल, असंबद्ध बोलणं, विस्फारलेल्या बाहुल्या असं सगळं नोंदवलं होतं. रक्त किंवा लघवीची तपासणी नव्हती. सर्वोच्च न्यायालय म्हणालं, एवढ्यावरून तो नशेत होता असं नक्की म्हणता येत नाही.

1988 चा मोटार वाहन कायदा आला तेव्हा कलम 185 नं दुसरं टोक गाठलं: रक्तात अल्कोहोल कितीही अल्प असलं तरी गुन्हा. पण ‘कितीही अल्प’ हे प्रयोगशाळेत कसं दाखवणार? प्रत्येक पद्धतीला एक खालची मर्यादा असते, त्याखाली ती ‘आहे’ आणि ‘नाही’ यात फरक करू शकत नाही. 1994 च्या दुरुस्तीनं आकडा दिला: 100 मिली रक्तात 30 मिलिग्रॅमपेक्षा जास्त, आणि तेही ब्रेथ ॲनालायझरच्या चाचणीत आढळलेलं.

जगात हे आधी होऊन गेलं होतं. नॉर्वेनं 1936 मध्येच रक्तातल्या अल्कोहोलची मर्यादा कायद्यात घातली. 1954 मध्ये अमेरिकेत रॉबर्ट बोर्केनस्टाइन यांनी ब्रेथॲलायझर बनवलं. हे यंत्र रक्त बघत नाही, फुप्फुसातून आलेली हवा बघतं आणि गुणोत्तर धरून रक्ताचा अंदाज करतं. गृहीतक असं की 2100 मिली श्वासात जेवढं अल्कोहोल, तेवढंच 1 मिली रक्तात. माणसागणिक हे गुणोत्तर थोडं बदलतं. नुकतीच चूळ भरावी तशी दारू तोंडात असेल, तर यंत्र तोंडातलं अल्कोहोलही मोजतं, म्हणून थोडं थांबून फुंकायला लावतात.

1994 च्या शब्दरचनेत एक फट राहिली. कलम शब्दशः वाचलं तर आकडा ब्रेथ ॲनालायझरमधूनच यायला हवा. पण जखमी होऊन दवाखान्यात पडलेला चालक फुंकणार कसा? त्याचं रक्त घेतलं तर ‘कलमात तर यंत्र लिहिलंय’ असा बचाव उभा राहायचा. 2019 च्या दुरुस्तीनं प्रयोगशाळेतल्या तपासणीसह इतर चाचण्याही कलमात घातल्या. दंडही वाढला: पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा 10,000 रुपये दंड किंवा दोन्ही, पुन्हा केल्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा 15,000 रुपये दंड किंवा दोन्ही.

दोन मर्यादा शेजारी ठेवून बघा. दारूबंदी कायद्यातलं अनुमान 50 वर सुरू होतं, मोटार वाहन कायदा 30 च्या वर. कुणाचा आकडा 40 आला, तर गाडीच्या कायद्यात तो दोषी ठरू शकतो, पण दारूबंदी कायद्यातलं ओझं त्याच्यावर फिरत नाही. रक्त एकच, उत्तरं दोन, कारण प्रश्न दोन.

2006: आकडा पुरेसा नाही, तेव्हा

12 नोव्हेंबर 2006 च्या पहाटे वांद्र्याच्या कार्टर रोडवर एक गाडी फूटपाथवर झोपलेल्या मजुरांवर चढली. सात जण गेले, आठ जखमी झाले. चालकाच्या रक्तात 0.112 टक्के अल्कोहोल होतं. सत्र न्यायालयानं 304अ आणि 337 खाली सहा महिन्यांची शिक्षा दिली. त्यावर मोठा गदारोळ झाला. 2007 मध्ये उच्च न्यायालयानं 304 चा दुसरा भाग लावून तीन वर्षांची शिक्षा केली, आणि 12 जानेवारी 2012 रोजी सर्वोच्च न्यायालयानं ती कायम ठेवली. ॲलिस्टर परेरा विरुद्ध महाराष्ट्र राज्य हा तो निकाल, जरूर वाचा.

इथे लक्ष द्या. सहा महिने आणि तीन वर्षं यांच्यामध्ये रक्ताचा आकडा बदललेला नाही. बदलला तो प्रश्न: नुसती हयगय होती, की माणसं मरू शकतात हे माहीत असताना केलेलं कृत्य? अल्कोहोलचा आकडा ‘माहीत होतं’ हे थेट मोजू शकत नाही. तो वेग, रस्ता, वेळ, तिथे माणसं झोपतात याची कल्पना या सगळ्यांबरोबरचा एक दुवा होतो. आपल्या भाषेत सांगायचं तर तो निर्देशक आहे, संकल्पना नव्हे. थिसिसमध्ये या दोन गोष्टी एक मानण्याची चूक आपण सगळेच करतो.

यवतमाळमधून यावर काम करायचं असेल तर

आपला जिल्हा या विषयासाठी चांगली जागा आहे. नदीपलीकडे वर्धा जिल्हा 1970 च्या दशकापासून दारूबंदीचा. वणीपलीकडच्या चंद्रपुरात 2015 मध्ये दारूबंदी झाली आणि 2021 मध्ये उठली. जिल्ह्यातून राष्ट्रीय महामार्ग 44 वडकी, करंजी, पांढरकवड्यावरून तेलंगणात जातो. साहजिकच मनात येतं: चंद्रपूरच्या बंदीच्या काळात वणीकडच्या रस्त्यांवर 185 चे गुन्हे वाढले का?

प्रश्न चांगला आहे, पण सांभाळून. 185 चा गुन्हा तेव्हाच नोंदला जातो जेव्हा पोलीस थांबवतात, यंत्र चालू असतं आणि चाचणी होते. 31 डिसेंबरला नाकाबंदी लागली की गुन्हे वाढतात, म्हणून त्या रात्री दारू तितक्याच पटीनं वाढली असं होत नाही. तुमचा आकडा दारू मोजतोय की तपासणी, हे आधी ठरवा. किती गाड्या तपासल्या हा छेद मिळाला नाही, तर नुसत्या गुन्ह्यांच्या संख्येवर निष्कर्ष काढू नका.

सुरुवात म्हणून एक करा. वर सांगितलेल्या खटल्यांपैकी कुठलेही दोन निकाल घ्या आणि वहीत चार रकाने आखा: कलम, त्यानं विचारलेला प्रश्न, दिलेला पुरावा, तो पुरावा त्याच प्रश्नाचा आहे का. मग तेच चार रकाने स्वतःच्या विषयासाठी आखा. कलमाच्या जागी तुमचं उद्दिष्ट लिहा. माझी सिनॉप्सिस मी यानंतर पुन्हा लिहिली.

काकांचं उत्तर

शेवटी काकांकडे गेलो. त्यांच्या सांगण्यावरून आणि कागदांवरून जे कळलं ते असं. चालकही जखमी होता, त्याला आधी एका ठिकाणी आणि मग दुसरीकडे हलवलं. रक्त काढलं ते दुसऱ्या दिवशी, दहा-अकरा तासांनी. रक्तातलं अल्कोहोल तासाला साधारण 15 ते 20 मिलिग्रॅमनं उतरतं, माणसागणिक 10 ते 25. म्हणजे दहा तासांत 100 ते 250 मिलिग्रॅमचा फरक. अपघाताच्या वेळी तो भरपूर प्यालेला असला तरी सकाळी रक्त कोरं येऊ शकतं. आणि अजिबात प्यालेला नसला तरी कोरंच येईल. त्या नमुन्यानं दोन्हींतला फरक सांगण्याची ताकदच गमावली होती. 185 खाली अटक झालेल्याची दोन तासांच्या आत वैद्यकीय तपासणी व्हावी, असं कायदा म्हणतो तो याचसाठी.

मी काकांना म्हणालो, “साऱ्या गावाले मालूम आहे, पण गावानं मोजलं नाही. आणि ज्यानं मोजायचं, त्यानं उशिरा मोजलं.” मग हेही सांगितलं की 304अ ला दारू सिद्ध व्हावीच लागत नाही. गाडी कुठल्या बाजूला होती, ब्रेकच्या खुणा, पंचनामा, डोळ्यांनी बघणारे, यांवर तो खटला उभा राहू शकतो.

काका थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “म्हंजे पंचनाम्याची नक्कल काढाले पाहिजे.” दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं अर्ज घेऊन गेलो.